मु. पो. वसमत, जि. परभणी

दुपारी जेवण होऊन डोळा लागायच्या बेतात असतो आणि फोन थरथरतो. नवोदयच्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलेलं असतं, ‘अरे, शिवालिक हाऊसमधला घुबड्या कुठंय सध्या?’ दहा मिनिटांत उत्तरांचा पाऊस. एक म्हणतो नाशिकला, दुसरा म्हणतो छे, तो कधीच गुजरातेत गेला, तिसरा नुसता हसरा पिवळा गोळा टाकतो. एवढ्या गदारोळात घुबड्याचं खरं नाव कुणालाच सांगता येत नाही. सात वर्षं शेजारच्या कॉटवर झोपलेल्या माणसाचं आडनाव ठाऊक नसणं निवासी शाळेतच शक्य आहे.

जवाहर नवोदय विद्यालयं म्हणजे केंद्र सरकारच्या सहावी ते बारावीच्या निवासी शाळा. त्यांच्या पहिल्या बॅचेस आता पन्नाशीला टेकल्या. १९८५-८६ साली देशात पहिली दोन नवोदयं निघाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. मग जिल्ह्याजिल्ह्यात निघाली, पण जिल्ह्याच्या गावी क्वचितच. त्यामुळे या मंडळींच्या डोक्यातला महाराष्ट्राचा नकाशा जरा निराळा असतो. त्यात टाकळी ढोकेश्वर, पलूस, गढी, घोट, तळोधी बाळापूर, सांगेली ही ठळक अक्षरातली शहरं, आणि पुणे-मुंबई म्हणजे बदलीची ठिकाणं. रेल्वेत अनोळखी माणसानं ‘आम्ही शंकरनगरचे’ म्हटलं की दुसरा ‘आम्ही बाभूळगावचे’ म्हणतो. पुढचा प्रश्न ‘कुठली बॅच?’ आणि त्याच्या पुढचा ‘कुठलं हाऊस?’ अरवली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी ही मुलांच्या गटांची, म्हणजे हाऊसची, चार नावं देशभर सारखीच, त्यामुळे आसामचा नीलगिरीवालाही आपलाच निघतो. जात विचारण्याचा महाराष्ट्रातला जुना सराव इथे हाऊस विचारण्यात जिरतो, हे एक बरंच आहे.

प्रेम सगळ्यांनाच असतं, पण त्यावर बॅच टिकत नाही. टिकते ती एका माणसामुळे, ज्याच्याकडे यादी असते. दर बॅचमध्ये असा एक प्राणी निपजतो. तो बहुधा वर्गातला पहिला नसतो, कॅप्टनही नसतो. मेसमध्ये ताटं मोजायला उभा करावा असा असतो. त्याची यादी बघावी.

यादी करायला बसलं की पहिली चूक ठरलेली, ‘आपल्या वर्गात कोणकोण होतं रे?’ असं विचारणं. पंचवीस नावांनंतर गाडी अडते. आठवण वर्गावार साठत नाही, कॉटवार साठते. म्हणून डॉर्मच्या दारातून आत शिरायचं, उजवीकडची पहिली कॉट, खाली कोण, वर कोण, मग दुसरी, असं खिडकीपर्यंत जायचं आणि डाव्या रांगेनं परत यायचं. एका हाऊसचे तिघं-चौघं एकत्र बसले तर अर्ध्या तासात अख्खं डॉर्म उभं राहतं. उरलेल्या जागा मेसच्या पंगतीतून भरतात. आणि प्रत्येक तुकडीत एक तरी मुलगी अशी सापडते जिला हजेरी पाठ असते. रोज सकाळी ऐकलेली ती नावांची माळ तिला एका दमात म्हणता येते, मध्ये थांबवलं तर मात्र पहिल्यापासून म्हणावी लागते.

नाव मिळालं, आता पत्ता. बारावीनंतर जो तो पांगतो. कुणी अकोल्याच्या हॉस्टेलवर, कुणी एनडीएच्या तयारीला, कुणी घरी शेतात. निळी इनलँड पत्रं वर्षभर येतात-जातात, मग हॉस्टेलची खोली बदलते आणि पत्र ‘राहत नाही’ असा शेरा घेऊन परत येतं. भाड्याचे पत्ते यादीत घालूच नयेत, घालायचा तो गावचा. मु. पो. अमुक, ता. तमुक, जि. ढमुक. स्लॅमबुकात सगळ्यांनी ‘आयुष्यातलं ध्येय’ या रकान्यात आयएएस लिहिलेलं असतं, ते सोडून द्यावं. पण पत्ता खरा लिहिलेला असतो.

त्यातही जिल्हा फसवतो. परभणी जिल्ह्याचं नवोदय वसमतला, म्हणून त्या काळच्या सगळ्या वह्यांमध्ये ‘वसमत, जि. परभणी’. १ मे १९९९ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि वसमत तिकडे गेलं. त्याच दिवशी भंडाऱ्यातून गोंदिया निघालं. आदल्या वर्षी धुळ्यातून नंदुरबार आणि अकोल्यातून वाशिम. म्हणजे ‘जि. धुळे’ लिहिलेला नवापूरचा मुलगा तुम्ही धुळ्यात शोधत बसता आणि तो सापडत नाही. जुन्या पत्त्यात पिन कोड असेल तर त्यावर भरवसा ठेवावा. जिल्ह्याच्या वाटण्या झाल्या तरी टपालखात्याचे सहा आकडे सहसा हलत नाहीत. गाव कळलं की तिथल्या पोस्टमनला, नाहीतर ग्रामपंचायतीच्या शिपायाला फोन लावायचा. सरपंचाला लावू नये. सरपंच आधी तुम्ही कुठल्या पक्षाचे हे ताडतो.

मायग्रेशनवाल्यांचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. नववीत तीस टक्के मुलं हिंदी मुलखातल्या नवोदयात जायची आणि तिकडची तेवढीच इकडे यायची. ऐंशीच्या बॅचमधली चोवीस गेली, चोवीस आली. ही आलेली मुलं वर्षभरात ‘काय बे’ आणि ‘लई भारी’ शिकली, ठेच्याला हात लावू लागली आणि परत गेली. त्यांचे पत्ते वहीत आहेत, पण त्यांची घडण वेगळी. ग्राम, पोस्ट, थाना, जिला. आपल्याकडे तालुका लागतो तिथे बिहारात थाना लागतो, हे न कळल्यामुळे कितीएक दिवाळीची ग्रीटिंगं वाटेत विरघळली. भरीला २०००च्या नोव्हेंबरात छत्तीसगड, उत्तरांचल आणि झारखंड झाले. वहीतला ‘दुर्ग, म. प्र.’ आता दुसऱ्याच राज्यात राहतो, तोही जागचा न हलता. अशांना शोधायचा खात्रीचा मार्ग एकच, त्यांच्या मूळ नवोदयच्या बॅचचा यादीवाला गाठायचा. यादीवाले एकमेकांना पटकन सापडतात आणि आकडेमोड करत तासभर बोलतात.

मुलींचा शोध हा वेगळाच धडा. एकतृतीयांश जागा मुलींच्या, म्हणजे सव्वीस-सत्तावीस जणी. लग्नानंतर आपल्याकडे आडनाव बदलतंच, मधलं नावही बदलतं आणि काही घरांत पहिलं नावदेखील. तीन शब्दांपैकी एकही शिल्लक नाही, मग फेसबुक काय शोधणार? माहेरच्या गावाहूनच सुरुवात करावी लागते. भावाचा नंबर मिळवायचा. मात्र फोन मुलीनंच करायचा, हा नियम मोडू नये. ‘दादा, मी तिची शाळेतली मैत्रीण बोलतेय’ एवढं म्हटलं की नंबर मिळतो. तेच वाक्य एखाद्या भारदस्त आवाजाच्या पीएसआयनं म्हटलं की भाऊ आधी तीन प्रश्न विचारतो, आणि चौथा तिला सासरी विचारला जातो. सापडलेली प्रत्येकजण ग्रुपवर येतेच असंही नाही. कुणाला नको असतं, कुणाला घरी नको असतं. तिचं नाव यादीत राहू द्यावं, नंबर मात्र फक्त मैत्रिणीकडे.

मधल्या काळात ऑर्कुट होतं, फेसबुकसारखीच एक साइट. २००४ साली आलं, आणि दोन-तीन वर्षांत निम्मी बॅच तिथे स्क्रॅप टाकत बसली. सगळे नंबर, वाढदिवस, बाळांचे फोटो तिथेच. ३० सप्टेंबर २०१४ला ते बंद पडलं आणि वहीत उतरवून न घेतलेलं सगळं गेलं. तेव्हापासून शहाणे यादीवाले एक प्रत कागदावर ठेवतात. व्हॉट्सअ‍ॅपची गंमत अशी की तेव्हा एका ग्रुपात शंभरच माणसं मावत. ऐंशी अधिक चोवीस, एकशे चार. कागदावरच्या हिशेबानं चौघं दाराबाहेर! २०१६मध्ये मर्यादा २५६ झाली. आता तर हजाराच्या वर गेलीय, आणि त्यामुळे काहींना सगळ्या बॅचेसचा एकच महाग्रुप काढायची दुर्बुद्धी सुचते. काढू नये. जिथे सगळे असतात तिथे फक्त फुलांचे सुप्रभात असतात, आणि माझ्या मते ज्या माणसानं हिवाळ्यात साडेपाचच्या पीटीच्या शिट्टीला शिव्या घातल्या त्याला सकाळी साडेपाचला गुलाब पाठवायचा नैतिक अधिकारच उरत नाही.

दोन ग्रुप असावेत. एक गप्पांचा. दुसरा फक्त निरोपांचा, ज्यात अ‍ॅडमिनशिवाय कुणाला लिहिता येत नाही. तशी सोय २०१८पासून आहे. निरोपांचा ग्रुप सगळे म्यूट करतात आणि गप्पांच्या ग्रुपावर विचारतात, ‘तारीख कुठली ठरली?’ याला इलाज नाही.

व्हिडिओवर भेटायचं तर रविवारी रात्री आठ ही वेळ धरावी. तेव्हा कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळचे साडेसात आणि जर्मनीत दुपारचे साडेचार होतात. सकाळी आठ ठेवली तर अमेरिकेतल्यांची शनिवारची संध्याकाळ छान साधते, पण जर्मनीतला बिचारा पहाटे साडेचारला उठतो. तो उठतोही, एकदा. नंतर तो ग्रुपवर नुसता अंगठा दाखवतो.

स्नेहमेळावा शाळेतच घ्यायचा असेल तर दिवाळी आणि मे टाळावा, कारण तेव्हा शाळाच सुटलेली असते आणि रिकाम्या मेसमध्ये कुणाला आतून काही होत नाही. प्राचार्यांना महिनाभर आधी लेखी अर्ज, सोबत येणाऱ्यांची नावं आणि ओळखपत्रं. आत अल्पवयीन मुलं राहतात, ‘आमचीच शाळा आहे’ म्हणून गेट उघडत नसतं आणि उघडूही नये. मुक्काम डॉर्ममध्ये मिळणार नाही, तालुक्याचं मंगल कार्यालय बघावं, लग्नाची तिथी नसलेला शनिवार धरून. आचाऱ्याला ताटं सांगताना ‘येतोच’ म्हणणारे पूर्ण धरावेत, ‘बघतो’ म्हणणारे निम्मे, आणि ‘शंभर टक्के’ म्हणणारे अजिबात धरू नयेत. जेवण साधं ठेवावं. पनीरच्या तीन भाज्या ठेवल्या तरी सगळे मेसच्या पाणचट डाळीबद्दलच बोलत बसतात. जुन्या शिक्षकांना बोलवायचं तर त्यांच्या बदल्या देशभर होतात हे ध्यानात घेऊन रेल्वेचं आरक्षण आपणच करावं आणि गाडी धरून घरापासून आणावं. सरांना ‘तुम्ही या हो’ म्हणून फोन ठेवला तर ते येत नाहीत.

पैशाचा विषय निघाला की बॅच फुटते, म्हणून त्याची रीत आधी ठरवावी. नोंदणी नसलेल्या मित्रमंडळाच्या नावानं बँक सहसा खातं उघडत नाही, मग सगळी वर्गणी एकाच्या बचतखात्यात जाते आणि प्राप्तिकराच्या वेळी त्याला घाम फुटतो. संस्था नोंदवायची तर १८६०च्या कायद्याखाली सात जण लागतात. महाराष्ट्रात वर धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त नोंदणी, दरवर्षी हिशेबतपासणी, आणि पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज. तो अर्ज हमखास विसरतो. पाच वर्षांनी लक्षात येतं की कागदोपत्री अध्यक्ष अजून तोच आहे जो भांडून ग्रुप सोडून गेला. परदेशातल्यांचंही बघावं लागतं. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं दुबईहून पैसे पाठवले तर चालतात. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला, मूळचा गढीचाच का असेना, त्याचा पैसा २०१०च्या एफसीआरए कायद्यानं परकीय देणगी ठरतो, आणि त्या कायद्याखालच्या परवानगीशिवाय संस्थेनं तो घेऊ नये. हे ऐकून तो दुखावतो. समजूत काढायला त्याच्याच हाऊसचा माणूस पाठवावा.

कुणाच्या आजारपणाला मदत गोळा करायची असेल तर संस्थेच्या वाटेला जाऊच नये. हॉस्पिटलचा खाते क्रमांक आणि रुग्णाचा नोंदणी क्रमांक ग्रुपवर टाकावा, ज्यानं त्यानं थेट भरावं आणि किती भरले ते कुठेही लिहू नये. रक्कम लिहिली की ज्याला पाचशेच जमतात तो गप्प होतो, आणि पुढे मेळाव्यालाही येत नाही. एकाच दुकानातून आलेली चड्डी-बनियन, एकच साबण आणि एकच खोबरेल तेल सात वर्षं सगळ्यांनी वापरलेलं असतं. कलेक्टरचा मुलगा आणि सालगड्याचा मुलगा ओळखू येत नसत. नंतरच्या तीस वर्षांनी ते व्यवस्थित ओळखू येतील अशी सोय केली, आणि आता ग्रुपवर ती झाकत बसणं हे यादीवाल्याचं न लिहिलेलं काम.

अलीकडे यादीत एक रकाना वाढवावा लागतो, घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर. बायकोचा, नवऱ्याचा, मोठ्या मुलाचा. पन्नाशीनंतर याची गरज का पडते ते सांगायला नको. फोन बंद लागतो, आठवडाभर सगळ्यांना वाटतं रेंज नसेल, आणि कळतं तेव्हा दहावाही होऊन गेलेला असतो. दरम्यान ग्रुपवर त्याला वाढदिवसाचे केक पडत राहतात. हा नंबर मागताना संकोच वाटतो, समोरचाही ‘कशाला रे?’ म्हणतो. मागावा. ‘सध्याचा तालुका’ हा रकानाही याचसाठी असतो, त्या तालुक्यातला कोण अर्ध्या तासात त्याच्या दारात उभा राहू शकेल ते चटकन बघता यावं म्हणून.

आणि यादीची दुसरी प्रत बॅचमधल्या आणखी एकाकडे हवीच, कारण यादीवालाही त्याच बॅचचा, त्याच वयाचा. ती कुणाकडे ठेवायची असं ग्रुपवर विचारलं की सगळ्यांना एकदम मीटिंग आठवते.