खो कोणाले द्यायचा

आमच्या घराची मागची भिंत आणि शाळेची भिंत एकच आहे, त्यामुळे परिपाठ मला चहा उकळता उकळता पाठ झालाय. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, मग सुविचार, दिनविशेष, बातम्या, आणि लाईन असली तर माईकची खरखर. प्रतिज्ञेत ते एक वाक्य आहे ना, "मी माझ्या पालकांचा, गुरुजनांचा आणि वडीलधाऱ्या माणसांचा मान ठेवीन आणि प्रत्येकाशी सौजन्याने वागेन", त्यातलं "मान ठेवीन" पर्यंतचं पोट्टे असं ठणकावून म्हणतात की पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना बरं वाटावं. पुढचं सौजन्याचं मात्र तोंडातल्या तोंडात, कारण तिथपर्यंत दम संपलेला असतो.

मला वाटते दमाचा प्रश्न तेवढा नाहीच. शाळेत मान शिकवतात तो सगळा वरच्या दिशेनं. सर आले उभे राहा, साहेब आले स्वागतगीत म्हणा, सरपंच बोलले टाळ्या वाजवा. पण बाजूला बसलेल्या पोट्ट्याचा मान कसा ठेवायचा ह्याची तासिका टाईमटेबलात नाही, आणि वर्ग सहावा-सातवा-आठवा हे वयच असं आहे की नेमकं बाजूच्यालाच सगळ्यात जास्त छळायचं असते.

छळायची पद्धत तुम्हाला माहीत असेलच, बापाचं नाव. आमच्याकडे कोणी कोणाला त्याच्या नावानं हाक मारत नाही, बापाच्या नावानं मारते. बापाचं नाव गुलाब असलं की पोट्ट्याचं आयुष्य गेलंच समजा, आठवी पास होईपर्यंत तो गुलाब. नाव कळायला मेहनतही लागत नाही, हजेरीत सर रोज स्वतःच पूर्ण नाव वाचून दाखवतात! आता २०२४ मधे सरकारनं ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे कागदोपत्री आधी आईचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. निर्णय चांगलाच आहे, मी बाई आहे, मला का नाही आवडणार, पण पहिला विचार मनात आला तो हा की ते पोट्टे शाळेत आले की त्यांना दुसरं नावही आयतं मिळणार. बापाच्या नावावर नुसती शिवीगाळ होते, आईच्या नावावर मात्र दगडच उचलतात.

मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया लागतात म्हणून मला घेतलं, भाषण करता येते म्हणून नाही. तर समितीसमोर तक्रारपेटी उघडतात तेव्हा चिठ्ठ्या वाचायचं काम माझ्याकडे असते. पंखा बंद आहे, खिचडीत मीठ नव्हतं, अशा एकदोन, बाकी सगळ्या एकाच चालीच्या, "सर तो मले माह्या बाबाच्या नावानं चिडवते". एकानं तर लिहिलं होतं "मी पन चिडवतो पन तो जास्त चिडवते". इतका प्रामाणिक अर्ज मी तहसीलमधेही पाहिला नाही. शिक्षण हक्क कायद्यात २००९ पासून लिहून आहे की मुलाला मारायचं नाही, मानसिक त्रास द्यायचा नाही, सरांच्या हातातली छडी खरंच गेली, पण पोट्ट्यांच्या तोंडाला कायदा लागत नाही.

दुसरा प्रकार जोड्या लावायचा. पेपरात "जोड्या लावा" सोडवता येत नाहीत पण वर्गात बरोबर लावतात. पोट्ट्यानं पोट्टीला वही मागितली की झालं, भिंतीवर खडूनं नावं. म्हणून दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत, नदीच्या दोन काठांसारखे बसतात.

मग सर लोक उपक्रम करतात. उपक्रमानं पोरं एकत्र येतात असं ट्रेनिंगमधे सांगतात म्हणे. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक झाली, मोबाईलच्या ॲपवर मतदान, बोटाला मार्करची शाई, एकदम झकास. पण निकाल मी आदल्या दिवशीच सांगितला असता. आमच्या शाळेत गावातले पोट्टे, तांड्यावरचे पोट्टे आणि पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येणारे पोट्टे. गावातल्यांनी गावातल्याला मत दिलं, तांड्यावरच्यांनी तांड्यावरच्याला, आणि पोडावरचे हातावर मोजण्याइतके, तर त्यांच्यातलं कोणी उभंच राहिलं नाही. मुख्यमंत्री गावाचा, आहारमंत्री तांड्याचा, आणि आहारमंत्र्यानं पहिल्याच दिवशी आपल्या दोस्ताच्या ताटात दोन डाव जास्त वाढवले. लोकशाही आमच्या पोट्ट्यांना चांगलीच समजली आहे, वेगळं शिकवायची गरज नाही.

तान्ह्या पोळ्याचं तर विचारूच नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी नंदी सजवून घरोघरी फिरवतात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मिळवतात, नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून चालत आलेलं आहे असं सांगतात, विदर्भाबाहेरच्यांना हे माहीतच नसते. शाळेत नंदी सजावट स्पर्धा ठेवली, आणि नंदीच्या उंचीवरून कोणाच्या घरी किती कापूस झाला ते सगळ्यांना दिसलं. एकाचा चाकाचा, कमरेइतका उंच, बाप मागून ढकलत होता. एका पोट्ट्यानं काळ्या मातीचा करून आणला होता, शिंगं वाळून तडकलेली. सगळे हसले. मॅडमनं त्याला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं, तर अजून हसले. तेव्हा मला पटलं की मोठ्यांनी वरून दिलेला मान पोट्टे मोजतच नाहीत.

आता खो-खोचं सांगते, खरं म्हणजे तेच सांगायचं होतं.

पोडावरून एक पोट्टी येते, सातवीत. कोलामांच्या वस्तीला आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पोड म्हणतात. महाराष्ट्रात सरकारनं तीन जमाती आदिम म्हणून धरल्या आहेत, कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. त्यांची कोलामी भाषा द्रविड घराण्यातली, तेलुगूच्या नात्यातली. आणि गंमत बघा, ती जी प्रतिज्ञा आपण रोज म्हणतो ती १९६२ मधे पैडिमर्री वेंकट सुब्बाराव ह्यांनी मुळात तेलुगूतच लिहिली. म्हणजे ह्या पोट्टीच्या घरची बोली त्या मूळ प्रतिज्ञेला आमच्या मराठीपेक्षा जवळची, आणि वर्गात हसतात कोणाच्या बोलण्यावर, तर हिच्या. तिला बापाच्या नावानंही कोणी चिडवत नव्हतं, कारण चिडवायलाही आधी बोलावं लागते. तशी ती दिसतच नव्हती कोणाला.

केंद्रस्तरीय, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या, सामन्यांसाठी मुलींची खो-खोची टीम करायची होती, पटच कमी असल्यानं जी आली ती घेतली, त्यात ही आणि माझी पोरगीही. प्रॅक्टिस आमच्या भिंतीपलीकडेच. मी वाळवण राखत पाहत बसायची. खो-खो ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी, नऊ जणी मैदानात, आठ एका रांगेत बसतात, एकीचं तोंड इकडे दुसरीचं तिकडे, आणि एकटी नववी पळते. तिला मधली रेषा ओलांडून पलीकडे जाता येत नाही, पळता पळता मागेही वळता येत नाही, वळायचं तर थेट खांबापर्यंत जायचं. पुढचा गडी पलीकडे सटकला की एकच उपाय, तिकडे तोंड करून बसलेलीच्या पाठीला हात लावायचा आणि खो म्हणायचं, ती उठेल, तिच्या जागी आपण बसायचं. कितीही जोरात पळणारी असो, एकटीनं काही होत नाही. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्डकप झाला, मुलं-मुली दोन्ही टीम आपल्याच जिंकल्या, दोन्हींचे कॅप्टन महाराष्ट्राचे, ते व्हिडिओ पोट्ट्यांनी मोबाईलवर पाहून पाहून झिजवले. डाईव्ह मारणं सगळ्यांनी पाहिलं, बसणं कोणी पाहिलं नाही.

तर ही पोट्टी शेवटच्या पाटीत, खांबाजवळ. आणि तिला खो मिळतच नव्हता. गडी बरोब्बर तिच्यासमोरून निसटायचा, आमची पोरगी तिच्या पाठीमागून पळत जायची, खांबाला हात लावायची, आणि तिकडे वळून दुसरीच्या पाठीवर थाप. वाटलं घाईत राहून जात असेल. मग लक्षात आलं, सगळ्याच जणी तसंच करतात. रात्री विचारलं, "तिले काहून नाही देत वं खो?" तर म्हणते, "राहूनच जाते ना आई." भांडण नाही, काही नाही, राहूनच जाते.

सरांच्याही ध्यानात आलं होतं बहुतेक. त्यांनी भाषण वगैरे दिलं नाही. एक नियम काढला, प्रॅक्टिसमधे आठही जणींना खो मिळाल्याशिवाय कोणाला दुसऱ्यांदा द्यायचा नाही, दिला तर फाऊल, सगळ्यांनी मैदानाला एक चक्कर. पहिले काही दिवस नुसत्या चकरा. पोट्ट्या वैतागल्या, खेळ पार मंदावला. पण मग त्यांना पळता पळता डोक्यात हिशोब ठेवावा लागला की कोण राहिली, म्हणजे एकेकीकडे पाहावंच लागलं. आणि ती पोट्टी काही सुसाट वगैरे निघाली नाही हो, कथेत निघते तशी. मध्यमच पळते. फक्त खो मिळाल्याबरोबर उठते, बाकीच्या आधी ओढणी सावरतात.

सामन्याला टाटा मॅजिकमधे कोंबून नेलं पोट्ट्यांना, सोबत मी आणि मॅडम. पहिली मॅच जिंकल्या, दुसरी हरल्या, तेही थोडक्यात. हरण्याचं कारण आमचीच पोरगी, खो द्यायला उशीर केला. आणि मैदानातच, सगळ्यांसमोर, ती पोडावरची पोट्टी हिच्यावर ओरडली, "डोये कुठी होते वं तुहे? मी कवाची बसून होती ना!" आमची कॅप्टन आहे, घरी मला ऐकून घेत नाही, तिथं मान खाली घालून ऐकलं. परत येताना दोघी समोरासमोर बसल्या होत्या आणि अख्खा रस्ता भांडत होत्या, चूक कोणाची ह्यावर. मॅडमनं मला विचारलं, सोडवू का भांडण? मी म्हटलं राहू द्या, चिवडा काढा.

आता घरी रोज कटकट असते, "आई, ते आता लय बोलते वं, सगळ्याईलेच सांगते कसं खेळायचं." आणि ह्या शनिवारी तक्रारपेटीत चिठ्ठी निघाली, अक्षर मी ओळखलं, आमच्याच कॅप्टनचं. सरांना म्हटलं ही चिठ्ठी तुम्हीच वाचा, मी पुढची घेते.