आमची वाटचाल : दिवसाला दोनच वाइनरी

इटलीत पाहुण्यांना द्राक्षबागा आणि वाइनरी दाखवायला नेण्याचा आमचा व्यवसाय सुरू झाला तेव्हा आबांनी तीन वर्षं त्याचं नाव तोंडातून काढलं नाही. आबा माळकरी. तासगाव तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आणि बेदाण्याचं एक शेड. घरात आषाढी-कार्तिकी कधी चुकली नाही. आणि लेक इटलीत जाऊन लोकांना वाइन पाजते, हे गावात कुणी विचारलं तर सांगायचं कसं? ते फोनवर हवापाण्याचं बोलायचे आणि फोन आईकडे द्यायचे. मला त्यांचा राग कधी आला नाही. पण हे दारूचं दुकान नाही, ही शेतीच आहे, हे त्यांना पटवायचं मनात होतं. खरं सांगायचं तर आमच्या कामाची घडी त्यातूनच बसली.

लग्नानंतर 2007 साली मी फ्लॉरेन्सला आले. भाषा शिकण्यात दोन वर्षं गेली. मग फ्लॉरेन्सजवळच्या कियांती भागातल्या एका मोठ्या वाइनरीत टेस्टिंगच्या काउंटरवर काम मिळालं. पन्नास माणसांची बस यायची, वीस मिनिटांत तीन ग्लास, बिल, पुढची बस. एका दुपारी एका बाईंनी मला विचारलं, "ही द्राक्षं कुठं आहेत?" खिडकीबाहेर बोट दाखवावं इतक्या जवळ बाग होती. पण त्यांना तिथपर्यंत न्यायला माझ्याकडे पाच मिनिटं नव्हती. बस सुटली. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, आपण चारच माणसं नेऊ, पण बागेत नेऊ.

2012 साली आम्ही सुरुवात केली. इथे भाड्याच्या गाडीतून माणसं नेण्याचा परवाना म्हणजे सोपी गोष्ट नाही. 1992 च्या कायद्यानुसार तो नगरपालिका देते, परवान्यांची संख्या मर्यादित असते आणि गाडी ठेवायची जागा त्याच पालिकेच्या हद्दीत लागते. आम्हाला तो परवडण्यासारखा नव्हता. म्हणून ग्रेव्हे गावातल्या एका परवानाधारक चालकाशी बोलणी केली. मधाळ बोलणारा, साठीच्या आतबाहेरचा माणूस. इटलीत गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे. पण धंद्यासाठी गाडी चालवणाऱ्याला ती शून्य. ते दिवसभर ग्लासाला हात लावत नाहीत, पाहुण्यांसोबत बसून पाणी आणि कॉफी पितात. तीन वर्षं ते दिवसाच्या बोलीवर आले, चौथ्या वर्षी भागीदार झाले. आज आमची नऊ आसनी एकच गाडी आहे, आणि एकच राहणार आहे.

पहिल्या हंगामात माझं गणित पार चुकलं होतं. लोकांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटावं म्हणून मी दिवसाला चार वाइनरी ठेवल्या. फ्लॉरेन्सहून सिएनाकडे जाणारा 222 क्रमांकाचा रस्ता, ज्याला इथे 'कियांतिजाना' म्हणतात, तो नुसता वळणांचा. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत कुणाच्या जिभेला काही कळेनासं झालेलं असायचं. चौथ्या ठिकाणी वाइन करणारा माणूस जीव तोडून मातीबद्दल सांगत होता आणि पाहुणे खुर्चीत पेंगत होते. एकदा कास्तेल्लिना गावाच्या अलीकडे गाडी थांबवून एका मुलीला रस्त्याकडेला उलटी करवावी लागली. तिची पाठ चोळताना मला फार वाईट वाटलं. त्या आठवड्यापासून दिवसाला दोनच. सकाळी एक, दुपारी एक, मध्ये जेवण. आजही लोक विचारतात, एवढ्या पैशांत दोनच का? मी सांगते, तिसरीचं तुम्हाला काही आठवणार नाही.

आमचा दिवस साडेनऊला सुरू होतो. ग्रेव्हेला साधारण पाऊण तास लागतो. तिथला चौक तिकोनी आहे, कडेने कमानी, मधे जोव्हान्नी दा वेर्राझ्झानो या दर्यावर्दीचा पुतळा. तिथे कॉफी घेतली की मी नकाशा काढते. कियांती हे आधी जागेचं नाव, मग वाइनचं, हे तिथेच सांगावं लागतं. 1716 साली कोझिमो तिसरा दे मेदिची या, तोस्काना म्हणजे या प्रांताच्या राज्यकर्त्या ग्रँड ड्यूकने फर्मान काढून या वाइनच्या प्रदेशाच्या हद्दी ठरवून दिल्या. पुढे या नावाने आजूबाजूच्या बऱ्याच भागांतून वाइन विकली जाऊ लागली. तेव्हा मूळ प्रदेशातल्या 33 उत्पादकांनी 1924 मध्ये राद्दा गावी एकत्र येऊन संघ काढला आणि काळा कोंबडा ही खूण घेतली. म्हणून बाटलीच्या गळ्याशी कोंबडा असेल तर ती कियांती क्लासिको. नुसतं कियांती लिहिलेली वाइन वेगळी, तिचा प्रदेश वेगळा.

कोंबड्याची गोष्ट लहान मुलांना फार आवडते. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यात हद्दीचं भांडण. ठरलं असं, की कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघेल, आणि भेटतील तिथे हद्द. सिएनाच्या लोकांनी पांढरा कोंबडा खाऊ-पिऊ घालून पोसला. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळ्याला उपाशी ठेवलं. भुकेला कोंबडा उजाडायच्या कितीतरी आधी आरवला आणि फ्लॉरेन्सचा स्वार जवळजवळ सिएनापर्यंत जाऊन पोचला. दंतकथाच ती. पण गाडीतून दोन्ही शहरांची अंतरं बघत जाताना ती पटत जाते.

मग बाग. मी आधी पाहुण्यांना तळघरात नेत नाही. पायाखालची माती हातात घ्यायला लावते. इथे दोन प्रकारचे दगड सारखे भेटतात: बोटांनी पापुद्रे सुटतात तो गालेस्त्रो, आणि कडक, फिकट चुनखडीचा अल्बेरेसे. द्राक्ष सांजोवेझे जातीचं. कियांती क्लासिकोत ते किमान 80 टक्के लागतं. आमच्या तासगावच्या थॉम्सन द्राक्षाशी त्याची तुलनाच नको: मणी लहान, आत बिया. तोंडात टाकलं तर आधी गोड, मग जांभळासारखं तुरट. तो तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो आणि तोच ग्लासात उतरतो. हे एकदा द्राक्ष चावून कळलं की टेस्टिंगच्या वेळी मला फारसं बोलावं लागत नाही.

आणि इथेच मला आबांचं सांगायचं आहे.

2015 च्या सप्टेंबरात आई त्यांना जवळजवळ ओढून घेऊन आली. पंधरा दिवसांसाठी, ऑक्टोबर छाटणीच्या आत परत जायच्या बोलीवर. पहिले चार दिवस ते घराच्या गॅलरीत हरिपाठ म्हणत बसले. पाचव्या दिवशी मी म्हटलं, पाहुणे नाहीत, नुसती बाग बघायला चला. लामोले गावाच्या वरच्या अंगाला, दगडी बांध घातलेल्या उतारावर, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची छोटी बाग आहे. आम्ही त्यांच्याकडे सुरुवातीपासून पाहुणे नेतो. आबा एका ओळीतून चालत गेले आणि एका वेलीपाशी थांबून घड मोजू लागले. मग दुसऱ्या वेलीचे. मला म्हणाले, "विच्यार, एकरी किती निघतंय?" मी विचारलं. नियमानेच हेक्टरी साडेसात टनांच्या वर घेता येत नाही, म्हणजे एकरी तीन टन. आबा गप्प झाले. आमच्याकडे एकरी दहा-बारा टन निघाले तर बाग बरी म्हणतात. "तीन टनांत ह्यांचं भागतं कसं?" त्यावर म्हातारेबुवांनी त्यांना हाताला धरून माडीवर नेलं.

घराच्या कौलांखालच्या त्या खोलीला विन्सान्ताया म्हणतात. वेताच्या चटयांवर त्रेब्बियानो आणि माल्वाझिया या जातींच्या पांढऱ्या द्राक्षांचे घड पसरलेले, काही वाशांना टांगलेले. खिडक्या उघड्या, वारा आरपार. आबांनी दारातच चपला काढल्या. "अगं, हे तर शेड हाय," म्हणाले. खरंच होतं. तासगावात आम्ही द्राक्षं डिपिंगच्या द्रावणात बुडवून जाळ्यांवर टाकतो आणि दोन-अडीच आठवड्यांत चार किलोंचा एक किलो बेदाणा होतो. इथे काहीच लावत नाहीत, नुसत्या वाऱ्यावर तीन-चार महिने ठेवतात. सुकत आलेली द्राक्षं हिवाळ्यात पिळून तो घट्ट रस कारातेल्ली नावाच्या छोट्या पिंपांत भरतात आणि तोंड बंद करून त्याच छपराखाली वर्षानुवर्षं सोडून देतात. उन्हाळ्यात तापतं, थंडीत गारठतं, कुणी उघडून बघत नाही. तीच विन्सान्तो नावाची वाइन.

भाषा एकमेकांची येत नसलेले ते दोघं त्या दिवशी अडीच तास बोलत होते. बुरशी लागलेला मणी कसा वेचायचा, उंदरांचं काय करायचं, पावसाळी हवेत खिडकी कधी लावायची. मी भाषांतर करायला उभी होते, पण मधेमधे माझी गरजच पडत नव्हती. म्हाताऱ्यांनी ताजा पिळलेला रस दिला, आंबलेला नव्हे, तो आबांनी घेतला. आणि निघायच्या आधी दोघांनी मिळून चाळीसेक घड टांगले. गाडीत बसल्यावर आबा एवढंच म्हणाले, "बागायतदार माणूस हाय."

त्यानंतर मी आमच्या सहलीत एक बदल केला. वाइन न पिणाऱ्या माणसालाही दिवस पुरा मिळाला पाहिजे. 2016 पासून पुण्या-मुंबईचे, नाशिकचे, दुबईत आणि लंडनमध्ये राहणारे मराठी लोक येऊ लागले होते आणि त्यांच्यासोबत हमखास एक आई, एक मावशी, एक माळकरी काका असायचे. आता सप्टेंबरात त्यांना ताजा रस मिळतो आणि द्राक्षं घालून भाजलेली स्क्याच्याता नावाची चपटी रोटी मिळते. नोव्हेंबरात नव्या ऑलिव्ह तेलात भिजलेला भाजका पाव. जेवणात रिबोल्लिता, म्हणजे काळी कोबी, घेवडा आणि शिळा पाव घालून केलेलं दाट सूप. तोस्कानाच्या पावात मीठ नसतं, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पहिल्या घासाला सगळे एकमेकांकडे बघतात. शाकाहारी लोकांसाठी चीजचं मी स्वतः विचारून घेते, कारण पेकोरिनोत, म्हणजे मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये, दूध घट्ट करायला बहुधा प्राण्यांच्या जठरातून काढलेलं रेनेट असतं आणि 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर इथल्या स्वयंपाकघरात तो विचार कुणाच्या मनात येत नाही.

बाटल्या नेण्याचा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. भारतात माणशी 2 लिटरपर्यंत ड्यूटी लागत नाही. म्हणून मी सुचवते ते असं: 750 मिलीच्या दोन कियांती क्लासिको आणि विन्सान्तोची 375 मिलीची एक छोटी बाटली. शिवाय सामानात ठेवायच्या, हातातल्या बॅगेत नाही.

वाईट दिवसही आले. 2018 मध्ये एका एजन्सीने अख्ख्या हंगामाचे पाहुणे पाठवले आणि शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे दिलेच नाहीत. वकिलाचा खर्च बाकीपेक्षा जास्त झाला असता, म्हणून सोडून दिलं. तेव्हापासून आम्ही एजन्सीमार्फत बुकिंग घेत नाही. मग 2020. मार्चमध्ये देश बंद झाला तेव्हा आमच्याकडे जूनपर्यंतचे आगाऊ पैसे जमा होते. आम्ही सगळे परत केले, मागणी यायच्या आधीच. खात्यात फारसं काही उरलं नाही. भागीदार घरपोच सामान पोचवायच्या कामाला लागले, आणि मेमध्ये घराबाहेर पडता आलं तसे मी आणि नवरा लामोलेला वेलींवर काम करायला गेलो. वांझ फूट काढायची, शेंडे बांधायचे, शेंडा मारायचा. हे काम मी वयाच्या दहाव्या वर्षापासून केलेलं. म्हातारेबुवा ओळीच्या टोकाला बसून माझे हात बघत होते. त्या उन्हाळ्यात त्यांनी आम्हाला मजुरी दिली, रोख, दर शनिवारी. ते पैसे मी विसरणार नाही.

2023 चा मे-जून पावसाचा गेला. इटलीभर वेलींवर डाउनी हा बुरशीचा रोग पसरला. जूनमध्ये पुण्याचं एक कुटुंब घेऊन बागेत शिरले आणि पानावर तेलकट डाग दिसला. पान उलटलं तर खाली पांढरी बुरशी. आमच्याकडे याला डावणी म्हणतात. मी तिथेच ओळीत उभं राहून आबांना व्हिडिओ कॉल लावला. सहलीचा कार्यक्रम बाजूला राहिला. त्या कुटुंबातला सोळा वर्षांचा मुलगा मोबाइल धरून उभा, पलीकडून आबा विचारतायत फवारणी कधीची, इकडून म्हातारेबुवांचा मुलगा सांगतोय. पाहुणे नाराज होतील असं मला वाटलं होतं. संध्याकाळी निरोप घेताना त्या मुलाच्या आईने मला सांगितलं, की द्राक्षाची बाटली होईपर्यंत इतकं काही आडवं येतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

त्याच वर्षी म्हाताऱ्यांनी 2015 च्या थंडीत बंद केलेलं पिंप उघडलं होतं. सात वर्षांत निम्म्याहून कमी उरलेलं. रंग जुन्या काकवीसारखा. आबांनी टांगलेले घड त्यात होते, म्हणून दोन छोट्या बाटल्या त्यांनी माझ्यासाठी बाजूला ठेवल्या. डिसेंबरात गावी गेले तेव्हा एक घेऊन गेले. देवघरापासून लांब, ओसरीवर आबांसमोर उघडली. ते घेणार नाहीत हे मला माहीत होतं. मी वाटीत थोडी ओतून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी डोळे मिटून वास घेतला, मग पुन्हा एकदा घेतला.

"फेब्रुवारीतल्या शेडचा वास हाय ह्याला," म्हणाले. आणि बाटलीवरचं वर्ष वाचायला चष्मा मागितला.