सोंग

"ओ आजी, सोंगं नका करू, पुढे सरका." दुपारी बँकेच्या लायनीत मागचा एकजण बोलला. आजी पेन्शनसाठी आलेल्या, गरगरतंय म्हणून भिंतीला टेकलेल्या, हातातलं पासबुक थरथरत होतं. उलट काही बोलल्या नाहीत, नुसता पदर सावरून ताठ उभं राहायला बघत होत्या, ते बघवेना.

आमच्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, देवांची सोंगं नाचतात, मुखवट्यामागे गावातलाच कुणीतरी असतो हे सगळ्यांना माहीत असतं तरी लोक मनापासून हात जोडतात. एकनाथांच्या भारुडातलं सोंगही लोकांना शहाणं करायलाच घेतलेलं. म्हणजे मुखवट्यावर विश्वास ठेवतो आपण, आणि खरंखुरं दुखणं समोर असलं की तेवढं सोंग वाटतं? म्हाताऱ्या माणसाला आधी खुर्ची द्यायला काय जातं?