वहिनीचा सातवा महिना आणि घरातला एकच मोबाईल

आमच्या वहिनीला सातवा लागलाय. गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, दादा बेळगावला उद्यमबागच्या फाउंड्रीत कामाला, आणि घरात स्मार्टफोन एकच, तो दादाच्या खिशात. ताई कार्डावर (कर्नाटकात गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून मिळतं ते, कन्नडमध्ये ‘तायी’ म्हणजे आई) नंबरपण त्याचाच, म्हणजे तपासणीची तारीख, गोळ्यांची आठवण, जे काय येतंय ते भट्टीजवळ उभ्या असलेल्या माणसाला येतंय, आणि तेही कन्नडमधून. दादा कन्नड फाडफाड बोलतो पण वाचायला जमत नाही, घरी येईपर्यंत मेसेज कुठल्या कुठे गेलेला असतो.

माझी मावसबहीण महाराष्ट्रात, चंदगडला दिलीय. तिला ‘किलकारी’चा, म्हणजे गरोदर बायकांसाठीच्या सरकारी सेवेचा, फोन येतो, दर आठवड्याला, मराठीत. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत एकूण ७२ कॉल. महाराष्ट्रात हे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालं. साधा बटनाचा फोन चालतो, वाचायचं काही नाही, उचलायचा आणि ऐकायचं. मला हेच पटलं, बाईला तिच्या भाषेत कानात सांगितलं की ते राहतं.

मी स्वतः नर्स आहे, म्हटलं वहिनीसाठी आपणच बोलूया. रोज रात्री दोन मिनिटांची व्हॉइस नोट दादाला पाठवते आणि जेवणं झाली की तो मोठ्यानं लावतो, सगळ्यांसमोर. पहिलीच नोट लोहाच्या गोळीची होती: चहासोबत घेऊ नको, लोह अंगाला लागत नाही, लिंबूपाण्यासोबत घे, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला, आणि शी काळी झाली तर घाबरायचं नाही. आई लगेच म्हणाली, गोळ्यांनी पोर काळं होतंय म्हणतात. तेव्हा वहिनी हळूच बोलली, “मी महिनाभर घेतलोच नाही की, काळं बघून भ्यालो.” तांदळाच्या डब्यामागून तीन पाकिटं निघाली, न फोडलेली. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की गरोदरपणात रक्त कमी धरतात, वहिनीचं ९ च्या आसपास होतं आणि आम्ही सगळे तिला बीट खा, खजूर खा म्हणत बसलेलो. इतके महिने कुणी तिला विचारलंच नाही, गोळी पोटात जाते का म्हणून. मीपण नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

पण फोनला बीपी बघता येत नाही, हे प्रत्येक नोटमध्ये सांगते. डोकं सारखं दुखतंय, डोळ्यापुढं अंधारी येते, तोंड-हात सुजलेत, रक्त जातंय, बाळ हलायचं कमी झालंय, यातलं काहीही झालं तर माझ्या फोनची वाट बघायची नाही, सरळ १०८ लावायचा. आणि ९ तारखेची सरकारी तपासणी चुकवायची नाही, लावणी असो की लग्न.

पुढची नोट अंगावर पाजायची आहे. पहिलं चिकाचं दूध पिळून टाकायचं नाही, तासाभरात बाळाला पाजायचं. ही मात्र आईच्या आवाजात करणार आहे, मी सांगण्यापेक्षा तिनं सांगितलेलं शेजारच्या सासवा पण ऐकतील. काल विचारलं तर आधी नको म्हणाली, मग म्हणाली, “काय बोलायचं ते लिहून दे की गं.”