फक्त दोनच?

“फक्त दोनच?” आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं. बारावीचा निकाल सांगितला होता तेव्हाही तिचा आवाज असाच पडला होता.

हो, दोनच हँडबेल, म्हणजे हातात धरून वाजवायच्या घंटा; प्रत्येकीचा सूर एकच. तीन सप्तकांच्या संचात ३७ बेल असतात. त्यातल्या माझ्या वाट्याच्या जी-फाइव्ह आणि ए-फाइव्ह या पाश्चात्त्य सुरांच्या. मध्येच या दोघांमधला जी-शार्प आला तर एक खाली ठेवून तो झटकन उचलायचा. बाकीचं गाणं बाकीच्यांचं.

अमेरिकेत एमएस करायला येऊन हँडबेल वाजवेन असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते. गेल्या सप्टेंबरमध्ये लायब्ररीतून परतताना संगीत विभागाच्या खिडकीतून आवाज आला आणि मी आत डोकावले. लांबलचक टेबलांवर जाड फोम, त्यावर लहानमोठ्या पितळी दिसणाऱ्या घंटा, मागे ओळीने हातमोजे घातलेली मुलं. त्यांना एक माणूस कमी पडत होता. गाता येतं का, असं कुणी विचारलं नाही. विचारलं, “चारपर्यंत न चुकता मोजता येतं का?”

घंटा दिसतात पितळी, पण असतात काशाच्या. साधारण चार भाग तांबं, एक भाग कथील. आजी तळपायाला तूप लावून जी वाटी घासायची, तिच्याच जातीचा धातू. घामाने डाग पडतात म्हणून हातमोजे. लोलक देवळातल्या घंटेसारखा चहूबाजूंनी झुलत नाही, तो फक्त पुढे-मागे हलतो. त्यामुळे मनगटाला नेमका झटका द्यावा लागतो आणि मग हात गोल फिरवत बेल खांद्याशी आणायची.

मी वाईची. घंटा म्हटलं की मला जवळच्या मेणवली गावातली आठवते. वसईच्या स्वारीनंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेली, १७०७ सालची. लहानपणी आम्ही टोल देऊन तिच्या अंगाला हात लावून उभे राहायचो, थरथर पूर्ण विरेपर्यंत. इथे नेमकं उलटं शिकावं लागलं. सूर संपला की बेल खांद्याला टेकवून गप्प करायची. याला डँप म्हणतात. वाजवणं मला आठवड्यात जमलं, गप्प करायला दोन महिने लागले. एक जण डँप करायला विसरला की त्याचा सूर पुढच्या सुरांत मिसळतो आणि सगळ्याचा काला होतो.

या वाद्याचा जन्म म्हणे शेजाऱ्यांच्या सोयीचा. इंग्लंडमध्ये चर्चच्या मनोऱ्यातल्या प्रचंड घंटा ठरावीक क्रम बदलत वाजवतात. त्याचा सराव गावाला त्रास न देता, थंडीत न कुडकुडता करता यावा म्हणून हातातल्या घंटा आल्या. १९०२ मध्ये बॉस्टनची मार्गारेट निकोल्स लंडनहून अशा घंटा घेऊन आली. पुढे १९५४ मध्ये तिच्याच पुढाकाराने इथल्या वादकांची संस्था उभी राहिली. इंग्रजांचं सरावाचं साधन इथे मैफलीचं वाद्य झालं.

अडचण एकच: याचा घरी रियाज होत नाही. पाच सप्तकांचा संच घ्यायचा तर इथल्या नव्या गाडीएवढे पैसे लागतात, आणि घेतलाच तरी वाजवायला आणखी डझनभर माणसं कुठून आणणार? मी खोलीत मसाल्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घेऊन आरशासमोर उभी राहायचे. रूममेटने पहिल्या दिवशी विचारलं, नंतर सोडून दिलं.

म्हणून रिंग-इनची जाहिरात दिसली तेव्हा जीव अडकला. वेगवेगळ्या कॉलेजांतली मुलं दोन-तीन दिवस एकत्र येऊन वाजवतात. शुल्क, हॉटेल, प्रवास असा हिशेब केला आणि पान बंद केलं. स्टायपेंडमधून भाडं गेल्यावर जे उरतं ते मी भारताच्या तिकिटासाठी बाजूला टाकते. मग सरांनी शिष्यवृत्तीचा फॉर्म पाठवला. ‘किती वर्षं वाजवता?’ या रकान्यात ‘पाच महिने’ लिहिताना लाज वाटली. ‘का वाजवता?’ यावर मात्र अर्धं पान झालं, त्यात मेणवलीही आली. शुल्क आणि खोली मिळाली. जेवण आपलं आपण, म्हणून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेली. चटणी पहिल्याच रात्री संपली, आणि ती मी संपवलेली नाही.

आमच्या कॉलेजातून चौघंच गेलो होतो, त्यामुळे आम्हाला इतरांत मिसळून नवा गट केला. अनोळखी शेजारणीशी पहिलं बोलणं नावगावाचं नाही, तर “एफ-शार्प तू घेशील? चौथ्या पानावर माझे दोन्ही हात अडकतात” असं. पुण्यात ढोल पथकात दोन वर्षं होते. तिथे माझा ढोल थांबला तरी मिरवणूक पुढे जाते. इथे मी थांबले तर गाण्यातला जी जातो, आणि तिथे भोक पडतं ते सगळ्यांना ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी सगळे गट एकत्र. हॉलभर टेबलं, समोर उंच चौथऱ्यावर संचालक. माझ्या हातून एकदम दोन पानं उलटली. सगळा हॉल एका लांब विरामात श्वास रोखून उभा, आणि त्यात माझा जी, खणखणीत. संचालकांनी हात खाली घेतले. “सूर छान आहे,” ते म्हणाले, “पण तो पुढच्या पानावरचा आहे.” शेजारणीने हातमोज्यातल्या हाताने माझं पान सरळ केलं. पुन्हा सुरुवातीपासून.

शेवटच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आईला पाठवलं. तिने तीनदा ऐकलं, बाबांनाही ऐकवलं. मग मेसेज आला: “सगळं छान आहे गं, पण यात तू कुठली?”

मी हेडफोन लावून पुन्हा ऐकत बसले आणि लिहून पाठवलं: १:१८ ला एकदा. मग १:३१ ला. १:४४ ला लागोपाठ दोनदा, त्यातला दुसरा जरा उशिरा आहे.