मध्यंतर कुठे द्यायचे?

फिल्म क्लबच्या खेळासाठी आमच्याकडे रोमन पोलान्स्की यांचा २००२ सालचा ‘द पियानिस्ट’ आला, तेव्हा प्रोजेक्शन केबिनमध्ये मी होतो. दीडशे मिनिटांच्या या चित्रपटात मध्यंतर नाही. परंतु उपाहारगृहाच्या ठेकेदारासाठी व्यवस्थापकांना ते हवेच होते. मध्यंतराची जागा ऑपरेटर ठरवतो. हल्ली बहुतेकजण एकूण मिनिटे निम्मी करून चित्रपट चालवणाऱ्या सर्व्हरवर क्यू, म्हणजे थांबण्याची खूण, टाकून मोकळे होतात, हा निव्वळ आळस आहे.

मी सकाळीच मधला भाग पुन्हा पुन्हा पाहिला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये वॉर्साच्या घेट्टोतून, म्हणजे नाझींनी भिंत घालून कोंडलेल्या वस्तीतून, ज्यूंना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेणाऱ्या गाडीची वाट पाहत श्पिलमन कुटुंब बसलेले असते. सगळ्यांजवळचे उरलेसुरले पैसे गोळा करून वडील एकच कॅरॅमल घेतात आणि त्याचे सहा तुकडे करतात. मग पियानोवादक मुलगा व्लादिस्लाव याला एक ओळखीचा पोलीस गर्दीतून बाहेर ओढतो, बाकीच्यांना गाडीत कोंबले जाते आणि तो विखुरलेल्या सामानातून एकटाच रडत परत येतो. “इथेच द्या, सोयीचे आहे,” असे व्यवस्थापक म्हणाले. त्या सहा तुकड्यांनंतर लगेच दिवे लावून लोकांना समोशांच्या रांगेत पाठवणे मला मान्य नव्हते. तो घेट्टोतून निसटून भिंतीलगतच्या घरात लपतो, तिथे, घेट्टोतल्या ज्यूंच्या १९४३ च्या उठावाच्या आधी, मी क्यू टाकला. एरवी जाहिरातींच्या गोंगाटामुळे आमच्याकडे ४ वर असणारा आवाजाचा फेडरही ७ या प्रमाण पातळीवर नेला, कारण पुढे लपलेल्या घरात फळीवरच्या बशा कोसळतात, आणि त्याआधीची शांतता नीट ऐकू आली नाही, तर त्या आवाजाची भीती पोहोचत नाही.

मध्यंतरात एक निवृत्त संगीतशिक्षिका केबिनपाशी आल्या. “तो रडत येतो तिथे थांबवायला हवे होते. मला जरा बसून राहायचे होते,” त्या म्हणाल्या. मी सांगितले, “बाई, पुढे थोड्याच वेळात तो मजुरी करताना दिसतो. शोक करायला त्याला उसंत मिळाली नाही, हेच दिग्दर्शकाला दाखवायचे असावे. ते स्वतः लहानपणी क्राकूवच्या घेट्टोतून वाचलेले आहेत.”

“त्याला मिळाली नाही, ते कळले. पण त्याच्या घरच्यांसाठी आपण तरी थांबायला नको का?”

व्यवस्थापकांच्या आणि बाईंच्या मागणीची जागा एकच होती, कारणे मात्र पूर्णपणे वेगळी. पुढच्या खेळासाठी क्यू मी हलवलेला नाही. पण तो प्रसंग मी पुन्हा लावून पाहतो आहे.