पाचवी परीक्षानळी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थ्याने शाळेने काय दिले ते सांगायचे असते. आता शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मी पुन्हा पुन्हा ज्याकडे वळतो, तो आपल्या प्रयोगशाळेतला लाळ आणि पिष्टाचा प्रयोग. पाचनसंस्थेची आकृती अवयव दाखवते. ते अवयव त्याच क्रमाने का लागले आहेत, हे मात्र या प्रयोगात दोन नळ्या वाढवल्या की कळते.

मूळ प्रयोगात नळ्या तीन. प्रत्येकीत 1 टक्का पिष्टाचे द्रावण 5 मिलिलिटर. पहिलीत नुसते पाणी, दुसरीत 1 मिलिलिटर लाळ, तिसरीत उकळून गार केलेली लाळ. तिन्ही 37 अंश सेल्सिअसच्या पाण्यात उभ्या करायच्या आणि दर 2 मिनिटांनी एकेक थेंब पांढऱ्या टाइलवरच्या आयोडीनमध्ये सोडायचा. पिष्ट असेल तर आयोडीन निळे-काळे होते. दुसऱ्या नळीच्या थेंबाचा निळा-काळा रंग तांबूस होत नाहीसा होतो. लाळेतल्या अमायलेज या विकराने (एन्झाइमने) पिष्टाची लांब साखळी तोडून माल्टोज शर्करा केली. बाकी दोघींत निळाई कायम. प्रयोग फसतो तो बहुधा दोन कारणांनी: पिष्ट उकळते असतानाच लाळ घातली तर विकर निकामी होते, आणि तिन्ही नळ्यांना एकच ड्रॉपर वापरला तर पहिलीतही लाळ शिरते.

चौथ्या नळीत लाळेबरोबर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब घाला. रंग जात नाही. हेच जठरात घडते. तिथला सामू (pH) 1.5 ते 2, त्यामुळे आम्ल घासाच्या आतपर्यंत मुरले की लाळेचे काम थांबते. जठरातल्या पेप्सिन या विकराला मात्र हेच आम्ल लागते. ते प्रथिने तोडते, पण पुरती नाही. जठर मुख्यतः घुसळून लगदा करते.

पाचव्या नळीत चौथीसारखेच सगळे घ्या, 10 मिनिटे थांबा आणि मग खायच्या सोड्याने आम्ल मारा. सोडा बेताचा हवा. फार झाला तर आयोडीनचाच रंग फिका पडून फसगत होते. सामू जागेवर आला, तरी निळाई हटत नाही! आम्लाने विकराची घडण मोडली, ती परत जुळत नाही. म्हणजे पुढे नवे विकर हवेच.

जठरानंतरच्या सुमारे 25 सेंटिमीटर लांब ग्रहणीची, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाची, रचना याच अडचणीवर तोड म्हणून आहे. जठराचे खालचे दार लगदा थोडा थोडा सोडते. आम्ल पोहोचताच ग्रहणीच्या भिंतीतून सिक्रेटिन रक्तात उतरते आणि स्वादुपिंड बायकार्बोनेटयुक्त रस धाडते. 1902 मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी दाखवलेला हा निरोप्या; संप्रेरक (हॉर्मोन) ही कल्पनाच त्यातून उभी राहिली. स्निग्ध पदार्थ आले की दुसरे संप्रेरक पित्ताशय आवळते. उत्तरपत्रिकेत हमखास चुकणारी गोष्ट इथेच आहे: पित्तात पाचक विकर नसते. ते मेदाचे बारीक थेंब करते, मग मेद तोडणाऱ्या लायपेज या विकराला पृष्ठभाग मिळतो.

स्वादुपिंडाच्या रसात प्रथिनांसाठी ट्रिप्सिन असते, पण ते निष्क्रिय रूपात निघते आणि ग्रहणीतल्या विकराने जागे होते. पित्ताचा खडा नलिकेच्या तोंडाशी अडकला तर ते स्वादुपिंडातच जागे होऊन त्याच ग्रंथीला पचवू लागते. पोटाच्या वरच्या भागातून पाठीकडे जाणारी तीव्र कळ आणि उलट्या ही त्याची खूण. तिथे घरगुती उपाय नकोत, थेट रुग्णालय गाठावे.

पुढच्या सुमारे 6 मीटर लहान आतड्यात शोषण होते. शेवटच्या तुकड्याकडे आपण फार दुर्लक्ष करतो. जीवनसत्त्व ब 12 आणि बहुतेक पित्तक्षार तिथेच परत घेतले जातात, त्यामुळे तो तुकडा शस्त्रक्रियेत काढला तर ब 12 बाहेरून द्यावे लागते.

नव्या मुलांनी हा प्रयोग मांडावा, प्रत्येकाने लाळ आपापलीच घ्यावी. पाचव्या नळीची निळाई पाहून झाली की तिच्यात स्वादुपिंडाच्या विकरांची, म्हणजे पॅन्क्रिएटिनची, चिमूटभर पूड टाकावी आणि नळी परत 37 अंशांच्या पाण्यात ठेवावी. दर 2 मिनिटांनी थेंब काढत राहावे. या वेळी रंग जातो.